उमापूरचं उडणारं वाळकं पान आणि मोसंबीची ओटी

हे लिहायला मी पाच आठवडे लावले. पहिला आठवडा फोटो निवडण्यात गेला, दुसरा ते पुसण्यात, आणि बाकीचे तीन आपण फार कामात आहोत असं स्वतःला पटवण्यात. कामात नव्हते. खरं कारण असं की या सहलीत मी एक पतंग ओळखला (दिव्यावर येतो तो, आकाशात उडवतात तो नाही), आणि तो ओळखल्यामुळे एका बाईचं राहतं घर सुटायची वेळ आली. हे लिहायचं कसं, तेच कळत नव्हतं. तरी ज्यांना त्या बाजूला जायचंय त्यांच्यासाठी रस्ता, खाणं वगैरे सगळं देतेय.

मुळात मी निघाले होते परळीकडच्या धर्मापुरीला, जुनं देऊळ बघायला. नगरहून सकाळी सहाला स्कूटी काढली. तिसगाव, अमरापूर, शेवगाव इथवर रस्ता चांगला आहे. शेवगाव सोडून गेवराईकडे लागलं की काही ठिकाणी रस्ता आहे आणि काही ठिकाणी रस्त्याची आठवण आहे. महालक्ष्म्या नुकत्याच झाल्या होत्या, दोन्हीकडे कापूस, तूर आणि ऊस उभा, आणि मधूनच मोसंबीच्या हिरव्यागार बागा. पेट्रोल तीनशेचं टाकलं होतं, ते परतीपर्यंत पुरलं. कारण मी पुढे गेलेच नाही.

उमापूर चार-पाच किलोमीटरवर असताना रस्त्याकडेला एक माणूस लिंबाखाली मोसंबीची क्रेटं मांडून, हातयंत्रावर रस काढून विकत होता. पांढरी दाढी, डोक्याला गमछा. हे कलीमचाचा. मागची मोसंबीची बाग त्यांनी या हंगामापुरती घेतलेली. मालक शहरात राहतो, फळ राखायचं, तोडायचं, विकायचं ते चाचांनी. ग्लास वीस रुपये.

"चाचा, मीठ नका टाकू."

"मीठ न्हाई टाकलं तर मोसंबी बोलत न्हाई, बेटा," असं म्हणत त्यांनी टाकलं.

क्रेटच्या कडेला एक वाळकं पान पडलं होतं. मधली शीर, कडेला कुरतडल्यासारखा भाग, एका ठिकाणी बुरशीचा हिरवट डाग, सगळं जिथल्या तिथं. मी ते बोटाने उडवायला गेले तर पानाने पाय हलवले. मग ते पान उघडलं. आतून झेंडूसारखे केशरी पंख, प्रत्येकावर एकेक काळा गोल ठिपका, आणि पान उडालं.

चाचांनी चप्पल फेकली. ती रसाच्या ग्लासावर बसली.

"हाच तो. हाच चोर," चाचा म्हणाले. मग त्यांनी मला फळं दाखवली. वरून चांगली, फक्त टाचणीने टोचल्यासारखं एक भोक. भोवतीचा भाग मऊ, तपकिरी. दोन दिवसांत फळ गळतं. "दिवसा पत्ता बनून बसतो, संध्याकाळी सोंड लावून रस पितो. धूर करून बघितला, तर माझेच डोळे गेले. कुठून येतो हे कुनी सांगितलं ना, तर त्याचं घरच साफ करीन मी."

हे वाक्य तेव्हा मी नीट ऐकलं नाही. माझं सगळं लक्ष पानाकडे. फोन काढून मी त्याच्यामागे पळाले. बागेतून, बांधावरून, आणि मग बांध संपला हे न कळल्यामुळे ओढ्यात. कमरेएवढ्या चिखलात बसून पहिला विचार फोनचा आला, तो कोरडा होता. दुसरा स्कूटीच्या चावीचा. ती गेली होती आणि आजतागायत ओढ्यातच आहे.

वर बघितलं तर काठावर नऊवारीतली एक सडपातळ म्हातारी उभी. हातात सूप. आणि सुपातून चौदा-पंधरा जाड, काळ्या मखमली अळ्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या. प्रत्येकीच्या अंगावर मोठाले गोल डोळे.

"भिऊ नको, पोरी. त्ये डोळे खोटे हायत," म्हातारी म्हणाली. "खरं तोंड खाली दडवलंय तिनं. कावून पडलीस?"

"पान पकडत होते."

"झाडाला लई हायत की," असं म्हणून त्यांनी सूप बागेकडच्या काठावरच्या झुडपात हळूच रिकामं केलं, आणि मला हात दिला.

या सोजरकाकू. त्यांचं घर ओढ्याच्या दुसऱ्या काठावर, बागेच्या समोरच. घर म्हणजे दोन खोल्या, पत्रा, आणि अंगणातल्या लिंबावर चढलेली गुळवेल. मनगटाएवढी जाड वेल मी पहिल्यांदाच बघितली. वरून दोरखंडासारखी मुळं लोंबत होती. आसपासच्या वस्त्यांत कुणाला ताप आला की काकूंचा काढा, आणि आठवडी बाजारात काकूंच्या वाळवलेल्या कांड्या. अळ्या याच वेलीवर येतात. "मारायचं पाप कावून घ्यू? पलीकडं झुडपात बी गुळयेल हाय. तिकडं सोडती. खात्यात बिचाऱ्या."

घरी भावाला फोन केला. दुसरी चावी उमापूरकडे येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरजवळ दे म्हटलं. त्याने दिली, पण भलत्याच रस्त्याच्या गाडीत. म्हणून एका रात्रीचा मुक्काम चार दिवसांचा झाला. तुम्ही जाणार असाल तर दोन्ही चाव्या बरोबर न्या, वेगवेगळ्या खिशांत.

संध्याकाळी बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पिठलं. जेवताना काकूंना पुण्याहून मुलाचा फोन आला. रोज येतो. फोन ताटाशेजारी ठेवलेला, स्पीकरवर.

"आई, कधी येतीस मग?"

"गुळयेलीला कोन बघंल?"

"आई, वेल आहे ती. गाय नाही."

"गाईला चार घरं बघत्यात. येलीला मीच हाय." फोन बंद. मग माझ्याकडे वळून, "धा वर्सं झाली, ह्येच सांगती. सातव्या माळ्यावर ऱ्हातो त्यो. खिडकीतनं खाली बघवत न्हाई. वर बघावं तर आठवा माळा. येल हाय म्हनून मी हाय इथं. न्हाईतर कवाच नेऊन ठिवलं असतं मला." भाकरी मोडून माझ्या ताटात टाकली. "तू खा. वाळलीस लई."

दुसऱ्या दिवशी चावी येणार नाही हे कळलं, तेव्हा मी ठरवलं की पतंग नीट ओळखायचा. पंख मिटलेले असताना त्याचा फोटो म्हणजे पानाचा फोटो. तो मी चार ग्रुपवर टाकला तर एकाने "छान पान" असं लिहिलं. पंख उघडलेले पाहिजेत. फोनवर वाचलं की असे पतंग आंबलेल्या गोड वासाला येतात. मग काकूंची बादली घेतली, त्यात काळा गूळ, सहा सडकी केळी, चाचांच्या बागेतली गळकी मोसंबी, थोडं पाणी. घरामागे उन्हात झाकून ठेवलं. दुपारपर्यंत फेस आला. वास उमापूरच्या दिशेने निघाला.

तीनच्या सुमाराला सात बायका आल्या. पुढे मंदाताई, हातात काठी. वस्तीवरच्या दारूबंदीच्या मंडळाच्या या प्रमुख. त्यांनी आधी बादलीचं झाकण उचललं, मग माझ्याकडे बघितलं.

"कुनाची भट्टी?"

"भट्टी नाहीये. पतंगांसाठी आहे."

"कुनासाठी?"

"पतंग. किडे. ते पितात."

मंदाताईंनी बाकीच्या सहाजणींकडे वळून बघितलं. "मानसांची सोडवता सोडवता आमचे केस पिकले," त्या म्हणाल्या, "आन ही आता किड्यांना लावतीया."

मी फोनवरचं इंग्रजी दाखवलं. त्याने काही फरक पडला नाही. काकू मधे पडल्या, "मंदे, पोरगी येडी हाय, पर दारूवाली न्हाई." शेवटी असं ठरलं की मंडळ अंधार पडेपर्यंत इथेच बसणार. पतंग आले तर बादली माझी. नाही आले तर बादली उकिरड्यावर, आणि माझं नाव मंडळाच्या वहीत.

मग आम्ही नऊजणी बादलीभोवती गोल करून बसलो. काकूंनी दोनदा चहा केला. आधी मुंग्या आल्या. मग गांधीलमाशा. मग पतंगांच्याही आधी वस्तीवरचे दोन पुरुष आले आणि "काय चाललंय" असं विचारत बादलीकडे बघत राहिले. मंदाताईंनी त्यांची नावं वहीत घेतली.

दिवस मावळला आणि एक वाळकं पान येऊन बादलीच्या काठावर बसलं. मग दुसरं. मग पाच-सहा. सोंडा आत घालून ती पानं पीत होती. सुमनबाई म्हणून एक होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या ह्येंच्यापेक्षा शिस्तीत पित्यात." एकाने पंख उघडले. केशरी, गोल ठिपका. मी फोटो काढला. मंदाताईंनी काठी खाली ठेवली.

तो फोटो मी एका जाणकार बाईंना पाठवला. सकाळी उत्तर आलं: युडोसिमा मटेर्ना. आपल्याकडे मोसंबी-डाळिंबवाले याला रस शोषणारा पतंग म्हणतात. पंखावरचा ठिपका गोल असला तर हा. कोयरीसारखा वाकडा असला तर याचा भाऊबंद. खाली त्यांनी विचारलं होतं, "अळी कुठे मिळते बघा. ती फळावर नसते."

हे वाचत होते तेव्हा मी काकूंच्या स्वयंपाकघरात होते आणि समोर फरसाणाची बरणी होती. आदल्या दिवशी गुळवेलीची दोन-तीन पानं एकमेकांना चिकटलेली दिसली होती, आत काहीतरी तपकिरी, चकचकीत. कोष असणार म्हणून मी ती बरणीत ठेवली होती. आता बरणीत एका काडीला एक वाळकं पान लटकत होतं. नुकतंच बाहेर आलेलं, पंख अजून ओलसर.

सगळी साखळी माझ्या डोक्यात एकदम लागली. गुळवेलीच्या पानाखाली अंडी. अंड्यातून ती खोट्या डोळ्यांची अळी. वेलीचीच पानं खाऊन दोन-तीन आठवडे वाढते. मग दोन पानं शिवून आत कोष. पंधरवड्याच्या आत कोषातून वाळकं पान. आणि ते पान ओढा ओलांडून मोसंबीवर. मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडली होती, आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी पूर्ण कळलं होतं. बरणी घेऊन मी बाहेर पळाले आणि मोठ्यांदा सांगितलं की काकू, तो तुमच्या वेलीवरच वाढतो, अळी तीच, कोष तोच, सगळं इथूनच जातं.

काकू अंगणात होत्या. त्यांच्या समोर काढा प्यायला आलेले कलीमचाचा बसले होते.

चाचांनी भांडं खाली ठेवलं. बरणीत बघितलं. मग वेलीकडे, वर लिंबाच्या शेंड्यापर्यंत. "काकू," ते म्हणाले, "धा वर्सं तुमचा काढा पितो मी. आन माझा चोर तुमी पाळता?"

"मला काय म्हाईत, कलीम?"

"म्हाईत न्हाई कसं? सुपात भरून माझ्या बागंच्या बाजूला कोन सोडतं रोज?"

चाचा उठले, घरी गेले, आणि कोयता घेऊन आले. रागात नव्हते, हे जास्त वाईट होतं. "तोडून टाकू, काकू. फळ उतरायला दोन-तीन आठवडे हायत. माझं समदं त्याच्यावर हाय."

काकू वेलीच्या बुंध्याला टेकून बसल्या. पदर खोचला. "आधी मला पुन्याला पाठीव," त्या म्हणाल्या, "मग येल तोड. येक काम दोनदा कशाला."

मी बरणी घेऊन उभी. सगळं माझ्यामुळे झालेलं. मंदाताईंना फोन करण्यापलीकडे मला काही सुचलं नाही. त्या आल्या, कोयता मागून घेतला आणि त्यावरच बसल्या. मग मी जे वाचलं होतं ते सांगत गेले: वेल तोडून उपयोग नाही, ओढ्याकाठच्या झुडपात गुळवेल आहेच, पतंग लांबूनही येतो. अळ्या रोज वेचता येतात. आणि फळाला पिशवी बांधली तर सोंड पोचत नाही.

"बाग झाकायची?" चाचा म्हणाले. "कापड काय वरून पडनार हाय?"

मंदाताई म्हणाल्या, "वरून न्हाई. कपाटातून."

ज्यांच्या घरी आई आहे त्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी: सणाला, हळदीकुंकवाला, डोहाळेजेवणाला बाईची ओटी भरतात, त्यात ब्लाउजपीस असतं. ते कुणी शिवत नाही. ते पुढच्या बाईच्या ओटीत जातं. पतंगाचा जीवनक्रम चार टप्प्यांत पुरा होतो. ब्लाउजपीस जन्मभर कोषातच राहतं आणि घरं बदलत फिरतं. महालक्ष्म्या नुकत्याच झालेल्या, त्यामुळे प्रत्येक घरात साठा भरलेला.

दुपारी काकूंच्या अंगणात दोनशेच्या वर ब्लाउजपीस जमले. लगेच अडचण आली. बायका आपापले ओळखायला लागल्या.

"हा जांभळा मी चार वर्सांखाली शोभाला दिलता."

"आन शोभानं मला."

"मंग माझ्याकडं कसा आला त्यो?"

सुमनबाईंनी एक हिरवा पीस उलटापालटा करून बघितला आणि ढिगाच्या तळाशी सरकवला. तो त्यांनी विहीणबाईंना मोठ्या मानाने दिलेला होता. मंदाताईंनी जाहीर केलं की कुणाचा कुणाकडून आला हे विचारणारीचं नाव वहीत जाईल. मग कात्री चालली. एका पिसाच्या सहा पिशव्या, तोंडाला नाडी. मंदाताईंचं शिलाई मशीन, सुमनबाईंचं मशीन, आणि मी हाताने, वाकडंतिकडं. बांधालगतच्या दोन ओळी झाकायच्या ठरल्या, अठरा झाडं. पिशव्या पुरेनात म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी कपाटं उघडली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही लांब उभं राहून बघितलं. दोन ओळी मोसंबीची झाडं, आणि प्रत्येक फळ राणी रंगात, मोरपंखीत, जरीच्या काठात. वाऱ्याने सगळं हलत होतं. रस्त्यावरून जाणारा एक ट्रॅक्टर थांबला, चालकाने बराच वेळ बघितलं आणि काही न विचारता निघून गेला.

"ह्यास्नी बाजारात नेऊ का लग्नाला?" कलीमचाचा म्हणाले. पण प्रत्येक नाडी त्यांनी स्वतः ओढून बघितली.

करार असा झाला: फळ उतरेपर्यंत वेल राहील. मंडळाच्या बायका रोज सकाळी दोघी-दोघी पाळीने येऊन अळ्या वेचतील आणि चाचांच्या कोंबड्यांना देतील. तेवढा वेळ काकूंनी घरात जायचं, म्हणजे ते पाप त्यांच्या डोळ्यांसमोर नको. झाकलेल्या ओळी स्वच्छ निघाल्या तर वेल कायमची राहील. नाहीतर कोयता. त्याच दिवशी चावीही आली. निघताना मी काकूंना माझा पत्ता कागदावर लिहून दिला, कांड्या पाठवायला. काकूंनी मला मोसंबी दिल्या आणि माझी ओटी भरली. ब्लाउजपीस शिल्लक नव्हतं म्हणून एक पिशवी घातली, नाडीसकट.

धर्मापुरी राहिली. ज्यांना देऊळ बघायचंय त्यांनी ओढ्यापाशी थांबू नये एवढंच सांगते.

घरी आल्यावर तीन आठवड्यांनी मंदाताईंचा फोन आला. फळ उतरलं. झाकलेल्या ओळींत टोचलेली फळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तीही नाडी सैल राहिलेल्या पिशव्यांतली. चाचांनी कोयता घरी नेऊन ठेवला आणि काढ्याचं भांडं पुन्हा हातात घेतलं. मी इथे खोलीत एकटी नाचले.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. आवाज बारीक.

"पोरी, येल ऱ्हायली."

"कळलं काकू, मला किती..."

"पोराला बी कळलं. मंदीनंच सांगितलं त्याला, मोठ्या कौतुकानं. त्यो म्हनला, आई, आता येलीला सात बाया हायत, पाळ्या लागल्यात. आता तर येशील? काय सांगू त्याला? धा वर्सांत दुसरं कारनच काढलं न्हाई मी." मग, "गाडीचं तिकीट पाठवलंय त्यानं."

वेल वाचवताना तिला एकट्या काकूंची गरजच उरली नाही, हे आम्हा नऊजणींपैकी एकीलाही सुचलं नव्हतं. पतंग ओळखला याचा आनंद अजून आहे, खोटं कशाला सांगू. तो ठिपका गोल आहे हे मला माहीत आहे आणि ते कुणी काढून घेणार नाही. पण तोंड उघडायच्या आधी अंगणात कोण बसलंय हे बघायला मी शिकले नव्हते, आणि त्याचा भुर्दंड मला पडला नाही, काकूंना पडला. त्यांना फोन करून काय म्हणायचं ते सुचत नव्हतं, म्हणून हे लिहायला बसले. आज त्यांची पुण्याची गाडी. नगरवरूनच जाते. आत्तापर्यंत गेलीही असेल.

एवढं लिहिलं आणि खालून आईने हाक मारली. नऊवारीतल्या एक बाई आल्यात म्हणे, हातात माझ्याच अक्षरातला पत्ता. नगरच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली तेव्हा पाय मोकळे करायला उतरल्या, आणि मग गाडीत परत चढायचं राहून गेलं. पुण्याला मुलगा स्टँडवर वाट बघतोय. त्याला अजून सांगितलेलं नाही. त्यांनी चहा मागितलाय, कमी साखरेचा, आणि उमापूरकडे शेवटची गाडी किती वाजता आहे ते विचारतायत.